पहाऱ्यावरच्या बारा शेळ्या

१२ सप्टेंबर

मावशी,

नमस्कार पोचला असं धरून चाल, मीही पोचले आहे. तुमच्या पशुवैद्यक विद्याशाखेच्या गाडीने मला, माझ्या दोन पिशव्यांना आणि चाऱ्याच्या सहा पोत्यांना डोंगराच्या पाठीवर उतरवलं. गाडीवाले काका म्हणाले, दर गुरुवारी येईन, रक्ताच्या नळ्या बर्फाच्या पेटीतून नेईन, पत्र असलं तर तेही त्याच पेटीत घालीन. म्हणजे माझं बोलणं तुझ्यापर्यंत गार होऊनच येणार. फोन इथे मुका आहे. पाण्याच्या टाकीवर चढलं तर लागतो असं काका म्हणाले, म्हणून चढले. लागला नाही, पण वरून खिंडीपलीकडे जाणारा एक रस्ता दिसला. तो कुठे जातो ते काकांनाही माहीत नाही. मी तासभर त्या रस्त्याकडे बघत बसले, तोवर दोन नंबरने माझा मोजा खाल्ला.

हां, शेळ्या. बारा आहेत. कानात पिवळे बिल्ले, एक ते बारा. पत्र्याची शेड आहे, टांगता वजनकाटा आहे आणि पाण्याची एक लांबलचक डोणी आहे. तिचं एक टोक आमच्या कुंपणात, दुसरं खालच्या कुरणात. त्या कुरणात एका म्हाताऱ्यांच्या चौसष्ट शेळ्या चरतात. भर उन्हातही ते लोकरीची टोपी काढत नाहीत, म्हणून मी त्यांना टोपीवाले म्हणते. ते मला 'सरकार' म्हणतात, कारण शेडवर पाटी आहे.

बेकरी, छापखाना आणि बोटीवरचं स्वयंपाकघर यांच्या मानाने ही नोकरी बरी दिसते. बेकरी मी का सोडली ते तुला सांगायचंय. त्यात एका घड्याळाची भानगड आहे, पण ते मोठं आहे, पुढे कधीतरी. शेळ्यांना मी नावं दिली आहेत. दोन नंबर मोजेखाऊ, पाच बाईसाहेब, सात चौकशी. चौकशीला सगळ्यात नाक घालायचं असतं. खाली जो ओला डाग आहे तो तिचा.

एक विचारायचं राहून गेलं. या बारा जणी इथे नेमकं करतात काय? काकांना विचारलं तर म्हणाले, मी फक्त गाडी चालवतो.

तुझी भिंगरी


२० सप्टेंबर

भिंगरी,

चार पानं मिळाली. फॉर्म मिळाला नाही. तो हिरवा आहे आणि दर आठवड्याला एक भरायचा आहे. बारा ओळी, प्रत्येकीत वजन आणि ताप, आणि शेवटच्या रकान्यात रोगाची लक्षणं 'आढळली' किंवा 'आढळली नाहीत'. मोज्यासाठी रकाना नाही. शेळ्यांना नंबर आहेत तेवढे पुरेत. बाईसाहेब कुठल्या नळीत आहेत असं मला माझ्या तंत्रज्ञाला विचारता येत नाही.

सूचनापत्रक भिंतीवर लाव. नियम चौथा सर्वांत महत्त्वाचा. शेळी आजारी दिसली तरी आमच्याखेरीज कोणीही औषध द्यायचं नाही, कोणतंही इंजेक्शन टोचायचं नाही. शेळ्या तिथे चरतात, आम्ही त्यांच्या तब्येतीची नोंद ठेवतो. तुझ्या कामापुरतं एवढं पुरे.

इथे वार्षिक संशोधन प्रगती अहवालाची धांदल आहे. कोंबड्यांच्या विभागाला नवा जंतू सापडला, गाईंच्या विभागाने कासदाहावर दोन प्रबंध काढले. मी सलग सहाव्या वर्षी 'आढळला नाही' असं वाचून खाली बसले. आमचे विभागप्रमुख, ज्यांना तू एकदाच बघून टाचणी म्हणालीस, ते म्हणाले, "बाई, प्रगती अहवालात थोडी प्रगती असावी लागते." लोक हसले, मीही हसले. पुढच्या वर्षी हा प्रकल्प ठेवायचा की गुंडाळायचा हे डिसेंबरच्या बैठकीत ठरेल.

आईला पत्र टाक. ती मला विचारते आणि मला थापा मारता येत नाहीत.

मावशी


२८ सप्टेंबर

मावशी,

फॉर्म सोबत आहे.

काल डोणीपाशी टोपीवाल्यांनी विचारलं, "सरकार, यातली पहिली कुठली जाणार?" मी म्हटलं, कुठे जाणार? ते म्हणाले, "मरायला."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खिंडीपलीकडे शेळ्यांचा प्लेग आहे. तिकडे सगळ्यांच्या शेळ्यांना लस टोचतात. अलीकडच्या या पट्ट्यात मात्र कोणालाच टोचू देत नाहीत, टोपीवाल्यांच्याही नाही. आणि अगदी पुढे, खिंडीच्या तोंडाशी, तुम्ही या बारा जणींना बांधून ठेवलंय. रोग आला तर आधी यांना होईल, या पडतील, आणि तुम्हाला कळेल की आला. टोपीवाल्यांची काही तक्रार नव्हती. उलट म्हणाले, तुझ्या बारांच्या आड माझ्या चौसष्ट आहेत, बरंच आहे.

बेकरीत मालक रोज सकाळी दुधाची पहिली वाटी मांजरापुढे ठेवायचा, नासलंय का ते बघायला. मला वाटायचं लाडाने देतो.

हे खरं आहे का? तुला दोनच शब्द लागतात, तसं दोन शब्दांत सांग. खरं आहे, किंवा खरं नाही.

भिंगरी


४ ऑक्टोबर

भिंगरी,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत बसत नाही. भेटल्यावर बोलू. सहा वर्षांत त्या चौकीवर एकही शेळी रोगाने गेलेली नाही, एवढं आत्ता सांगते.

फॉर्म नीट भरला आहेस. फक्त नऊ नंबरचं वजन दोन ठिकाणी आहे आणि दहाचं कुठेच नाही.

मावशी


१३ ऑक्टोबर

मावशी,

फॉर्म सोबत. लक्षणं आढळली नाहीत. दहाचं वजन लिहिलं.

रविवारी सातला दोरी लावून खिंडीपलीकडे जाऊन आले, तो रस्ता कुठे जातो ते बघायला. गुरांच्या बाजाराला जातो. बाकीच्यांकडे दिवसभर टोपीवाल्यांनी बघितलं. बाकी सगळं ठीक. आईला पत्र टाकलं.

भिंगरी


८ नोव्हेंबर

भिंगरी,

तुझी पत्रं हल्ली पाच ओळींची येतात. कामात मन लागलं असं मी धरते.

हे पत्र पूर्ण वाच, मधेच उठू नकोस. अठ्ठावीस तारखेला तू पाठवलेल्या बारा नळ्यांपैकी अकरा स्वच्छ आहेत. सात नंबरच्या रक्तात शेळ्यांच्या प्लेगची प्रतिपिंडं सापडली. शरीराची रोगाशी गाठ पडली की रक्तात ही खूण उरते. चाचणी तीनदा केली, तिसऱ्यांदा तंत्रज्ञाला बाजूला करून मी स्वतः केली. मग मला तुझी ती रविवारची भटकंती आठवली. शेळीला चौकीबाहेर न्यायचं नाही हा नियम पाचवा होता. बाजारातून तिने रोग उचलला, याखेरीज दुसरं कारण मला दिसत नाही. नळ्यांसोबत आलेल्या, शेळ्यांचं नाक पुसलेल्या फडक्यांत विषाणू मिळाला नाही, पण तो थोड्याच दिवसांत निघून जातो आणि खूण तेवढी मागे राहते.

रागावायला हवं, पण खरं सांगायचं तर वेळ झाला नाही. टाचणींनी स्वतः माझ्यासाठी खुर्ची ओढली. अहवालात आमचा विभाग शेवटून दुसऱ्या पानावर असायचा, तो आता पहिल्या पानावर आला. 'खिंडीच्या अलीकडे रोगाचा प्रथम शिरकाव.' मथळा त्यांचा, आकडे माझे. सहा वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी विचारलं की पुढे काय करणार आहात.

एकच गोष्ट बसत नाही. हा रोग एका शेळीवर थांबत नाही. बाकीच्या अकरा कोऱ्या कशा? सात नंबर कळपापासून वेगळी राहते का? तिला ताप होता का? नाक वाहत होतं का? आठवून लिही.

मावशी


१३ नोव्हेंबर

मावशी,

ताप नव्हता. नाक वाहत नव्हतं. हो, ती एकटी हिंडते, इतरांत फारशी मिसळत नाही, माझ्यासारखीच आहे म्हण.

खूण आहे म्हणजे ती आजारी आहे असं नाही ना? आता तिचं काय करणार? आणि बाकीच्यांचं? टोपीवाले विचारत होते, सरकार आज गप्प का. मी म्हटलं दाढ दुखतेय. त्यांनी लवंग दिली, ती मी चावली. दाढ नव्हती दुखत, जीभ मात्र पोळली.

भिंगरी


२२ नोव्हेंबर

भिंगरी,

काल समिती बसली. चौकीवरच्या बाराही शेळ्या आणि त्यांच्यासोबत एका डोणीवर पाणी पिणाऱ्या चौसष्ट शेळ्या मारून पुरायच्या असं ठरलं. पथक शुक्रवारी, ३ डिसेंबरला सकाळी येईल. टोपीवाल्यांच्या शेळ्यांचं रक्त आधी तपासावं असं मी सुचवलं. समितीचं म्हणणं, निकाल येईपर्यंत कळप हलला तर कोण जबाबदार?

तू त्या दिवशी तिथे थांबायची गरज नाही. आदल्या दिवशीच्या गाडीने परत ये.

तुझा पहिला प्रश्न मी टाळला होता. टोपीवाल्यांनी सांगितलं ते खरं आहे. मी मुद्दाम लपवलं. तुला कळलं तर तू दुसऱ्या दिवशी पिशव्या उचलशील असं मला वाटलं, आणि दुसरं माणूस मिळत नव्हतं.

मावशी


२५ नोव्हेंबर, बर्फाच्या पेटीवर बसून

मावशी,

काका पंधरा मिनिटं थांबायला तयार आहेत. ते टोपीवाल्यांशी बोलायला खाली गेलेत, तेवढ्यात लिहिते. अक्षर लाव.

सातला रोग झालेला नाही. मी तिला लस टोचून आणली. त्या रविवारी मी रस्ता बघायला गेले नव्हते, म्हणजे रस्ताही बघितला, पण गेले होते बाजाराबाहेरच्या लसीकरणाच्या छावणीत. तिथे तिकडच्या लोकांच्या शेळ्यांना टोचत होते. मीही रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे एक बाई होती, तिची शेळी एका डोळ्याने... ते जाऊ दे. टोचणाऱ्याने विचारलं, एकच? मी म्हटलं, एकच. बारा जणींना हाकत नेणं मला एकटीला जमलं नसतं, नाहीतर बाराही नेल्या असत्या. भिंतीवरचा नियम चौथा मी वाचलेला होता. पाचवाही. वाचला नव्हता असं मी म्हणणार नाही.

तुझं आठ तारखेचं पत्र आलं तेव्हाच कळायला हवं होतं. थोडं कळलंही होतं. पण तू लिहिलं होतंस की टाचणींनी खुर्ची ओढली. ते मी दोनदा वाचलं. वाटलं, एका शेळीच्या खुणेने तुझं भलं होतंय तर होऊ दे. माझ्यामुळे आजवर घरात कोणाचं भलं झालेलं नाही. आणि ती एकटी हिंडते हेही खोटं. ती दिवसभर माझ्या नाहीतर बाईसाहेबांच्या पाठीला चिकटलेली असते.

छावणीत एक वही होती. माणूस काहीतरी लिहीत होता. त्यात सापडेल. पथक थांबव. तुझं पहिलं पान जाईल ते माझ्या नावावर लिही.

काका हाका मारतायत.


२९ नोव्हेंबर

भिंगरी,

हे पत्र घेऊन गाडी खास पाठवते आहे. शुक्रवारी पथक येणार नाही.

शनिवारी मी स्वतः खिंडीपलीकडच्या छावणीत जाऊन वही पाहिली. दहा ऑक्टोबर, नोंद एकशे बारा: 'शेळी एक, कानात पिवळा बिल्ला. सोबत अनोळखी मुलगी. फार बोलते.' शेऱ्याच्या रकान्यात कोणी इतकं कामाचं काही लिहिलेलं मी आजवर पाहिलं नाही. लसीची खूण आणि रोगाची खूण आमच्या चाचणीला वेगळी ओळखू येत नाही. म्हणून तर त्या पट्ट्यात टोचू देत नाहीत. हे एक वाक्य मी सप्टेंबरमध्ये लिहिलं असतं, तर पुढची सगळी पत्रं लिहावी लागली नसती.

अकरा कोऱ्या का, हा प्रश्न मी तुला विचारला आणि तू दिलेलं उत्तर लगेच मान्य केलं. दुसऱ्या कोणी तसं उत्तर दिलं असतं तर मी त्याला प्रयोगशाळेबाहेर काढलं असतं. तू खोटं लिहिलंस आणि मला ते हवं होतं. त्यामुळे नाव तुझं लिहायचं की माझं, ते मी बघते.

टोपीवाल्यांना आजच सांग.

मावशी


२ डिसेंबर

मावशी,

सांगायला कोणी नाही. पंचवीस तारखेला मी पेटीवर बसून तुला लिहीत होते, तेव्हा काकांनी खाली जाऊन टोपीवाल्यांना सांगून टाकलं होतं की शेळ्या मारायला लोक येणार आहेत. काकांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, त्यांनी निदान सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुरण रिकामं होतं. डोणीचं त्यांच्या बाजूचं टोक काठोकाठ भरलेलं आहे आणि हलत नाही.

मला त्यांच्या मागे जायचंय. खिंडीतून गेले असतील तर पलीकडच्या शेळ्यांत मिसळतील, आणि त्यांच्या शेळ्यांना लस नाही. खरा रोग त्यांना तिथे गाठेल. पण इथे बारा जणींना पाणी कोण दाखवणार? आजवर मला कुठूनही निघायला कारण लागलं नाही. आज कारण आहे आणि निघता येत नाही. टाकीवर चढून रस्त्याकडे बघते. चौकशी खाली उभी राहून माझ्याकडे बघते.

फॉर्म सोबत. आढळली नाहीत.

भिंगरी


१४ डिसेंबर

भिंगरी,

अहवालाच्या तीनशे प्रती छापून झाल्या होत्या. पहिल्या पानावर दुरुस्तीची पट्टी चिकटवावी लागली. शिपाई आणि मी, दोन दिवस. पट्टीवर एकच ओळ आहे: 'रोग आढळला नाही.'

बैठकीत टाचणी म्हणाले, "म्हणजे बाई, आपल्याकडे पुन्हा काहीच नाही." मी म्हटलं, "आहे ना. रोग नाही." या वेळी कोणी हसलं नाही. कोंबड्यांच्या विभागाच्या बाईंनी विचारलं, अशी चूक झालीच कशी? मी सांगितलं की कामावरच्या माणसाला काम काय आहे तेच मी सांगितलं नव्हतं. हे इतिवृत्तात गेलं आहे, तुझं नाव न घेता. प्रकल्पाला एक वर्ष मिळालं. खुर्ची पुन्हा माझी मलाच ओढावी लागते.

टोपीवाल्यांचा माग आम्हीही काढतो आहोत. सापडले तर त्यांच्या शेळ्यांचं रक्त तपासेपर्यंत त्यांना वेगळ्या ओढ्यावर ठेवावं लागेल. सात नंबरचं रक्त आता आमच्या उपयोगाचं नाही. नोंदीतून तिला वजा केलं आहे, तिचं काय करायचं ते तू ठरव. नवीन सूचनापत्रक पाठवते. नियम चौथ्याच्या खाली आता कारणही छापलं आहे.

ज्या अकरा उरल्या त्या कशासाठी आहेत ते तुला माहीत आहे. रोग खरंच आला तर त्यांना वाचवायचं नाही, लिहून कळवायचं. हे माहीत असताना तिथे राहशील का? नाही म्हणालीस तरी मी समजेन. मला दुसरं माणूस शोधायला महिना लागेल, तेवढं मात्र थांब.

मावशी


२३ डिसेंबर

मावशी,

टोपीवाले रविवारी आले. एकसष्ट घेऊन आले. ते खिंडीत गेलेच नव्हते, खालच्या अंगाला ओढ्याच्या कडेने लांब गेले होते. तीन वाटेत कड्यावरून कोसळून गेल्या. त्यांचा माग काढत सोमवारी जादा फेरीला आलेल्या काकांनी त्यांना बघितलं आणि मी भरलेल्या एकसष्ट नळ्या त्याच फेरीत नेल्या. निकाल तुझ्याकडे माझ्याआधी येईल.

मी त्यांना सगळं सांगितलं, ऑक्टोबरमधल्या छावणीपासून. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "एकीला वाचवलंस सरकार, आणि चौसष्टांना पळवलंस." मग ओढ्याकडे निघून गेले. डोणीवर येत नाहीत, निकाल आला तरी येतील असं वाटत नाही. काल मी सातला घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, तुमच्या तीन गेल्या, ही एक ठेवून घ्या. तिने आधी त्यांची टोपी हुंगली, मग पिशवी, मग खिसा. ते म्हणाले, ही फार चौकशा करते. पण दोरी त्यांनी हातातून सोडली नाही. तिचा बिल्ला काढून पाकिटात घातला आहे, जपून उघड, टोचेल.

बेकरीतल्या घड्याळाचं सांगायचं राहिलं होतं. मोठी गोष्ट आहे असं मी सगळ्यांना सांगत आले, तशी काही नाही. एक दिवस दूध नासलेलं निघालं आणि ते मांजर दुपारपर्यंत पडून होतं. ते गेलं तेव्हा मी घड्याळाचा लंबक धरून थांबवला आणि बाहेर पडले. पुढे कोणाला ते चालू करावं लागलं असेल, ते मी कधी विचारात घेतलं नाही.

आजचा फॉर्म: शेळ्या अकरा. वजनं आत आहेत, दहाचंही. ताप नाही. लक्षणं आढळली नाहीत.

हिरवे फॉर्म तीनच उरलेत. पुढच्या गुरुवारी वर्षभराचे मोजून बावन्न पाठव.

भिंगरी